वर्कर थ्रेड थांबवणे आणि पुन्हा चालू करणे : थांबण्याची जागा कोणी ठरवायची?

उत्तर देण्यापूर्वी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती लगेच लक्षात येईल. जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांवरील मजकूर ओळखणारा एक प्रोग्रॅम तुम्ही जावामध्ये लिहिला आहे. त्यात ८ वर्कर थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे) एका रांगेतून एकेक पान उचलतात, त्यावर अक्षरओळख चालवतात आणि निकाल डेटाबेसमध्ये लिहितात. ग्रंथालयातील कर्मचाऱ्याला त्याच संगणकावर अधूनमधून दुसरे काम करायचे असते, म्हणून ‘थांबवा’ आणि ‘पुढे चालू’ अशी दोन बटणे हवी आहेत. तुम्ही आधी एक बूलियन खूण ठेवून ती खरी असेपर्यंत थ्रेडना रिकाम्या लूपमध्ये फिरवले, तेव्हा सीपीयूचा वापर १०० टक्क्यांवरून खाली आलाच नाही. मग थ्रेड वर्गातील ‘सस्पेंड’ वापरून पाहिले, तर नव्या जावाने एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) दिले. शेवटी ‘वेट’ (थ्रेडला झोपवणे) आणि ‘नोटिफाय’ (झोपलेल्याला उठवणे) यांकडे वळलात, तर ‘इल्लीगल मॉनिटर स्टेट’ अशी चूक आली. आता तुम्ही विचारता आहात की थ्रेडला बाहेरून थांबवण्याची योग्य पद्धत कोणती.

माझे उत्तर असे की थ्रेडला बाहेरून थांबवण्याची योग्य पद्धत नाही, आणि ती शोधणे सोडून दिले की तुमच्या तिन्ही अडचणी एकाच ठिकाणी सुटतात. बाहेरच्याने थांबण्याची विनंती करावी आणि थ्रेडने आपल्या हातात काहीही अडकलेले नसेल अशा जागी पोहोचल्यावर स्वतः थांबावे. एसटीत कंडक्टर घंटी देतो, पण गाडी कुठे उभी करायची हे चालक ठरवतो. घंटी वाजली म्हणून घाटाच्या वळणावर ब्रेक दाबत नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये घंटीची सोय आहे, थांबे मात्र अजून ठरलेले नाहीत.

त्याआधी एक गोष्ट तपासून पाहा, कारण तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. कर्मचाऱ्याला खरोखर काम थांबायला हवे आहे, की संगणक मोकळा हवा आहे? दुसरे कारण असेल तर कदाचित थांबवण्याची गरजच पडणार नाही. ८ कोअरच्या यंत्रावर ८ ऐवजी ६ वर्कर ठेवले, किंवा संपूर्ण प्रोसेस कमी प्राधान्याने चालवली (लिनक्सवर नाइस मूल्य १९, विंडोजवर सर्वांत खालचा प्राधान्यवर्ग), तर माणूस काम करत असताना यंत्र त्याला पुढे जाऊ देते आणि तो उठून गेल्यावर पुन्हा पूर्ण वेगाने चालते. जावातील थ्रेडचे प्राधान्य बदलून मात्र हे साधेल असे समजू नका. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत त्या आकड्याचा काहीही परिणाम होत नाही. अडचण मेमरीची असेल, तर थांबवल्याने काहीच साधणार नाही, कारण थांबलेला थ्रेड आपली मेमरी धरूनच उभा राहतो. पण एखादी चुकीची तुकडी रांगेत गेली म्हणून काम रोखायचे असेल, किंवा डेटाबेसची देखभाल चालू असताना लिखाण थांबायला हवे असेल, तर खरा थांबाच हवा, आणि पुढचे सर्व त्यासाठी लिहीत आहे.

‘सस्पेंड’ काढून का टाकले हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातूनच योग्य रचना सुचते. जावामध्ये ही पद्धत १९९८ च्या १.२ आवृत्तीपासूनच वापरू नये अशी नोंद होती. २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा २० पासून ती केवळ एक्सेप्शन देते, आणि २०२४ च्या जावा २३ मध्ये ती वर्गातून काढूनच टाकली गेली. या सगळ्याचे कारण साधे आहे. बाहेरून थांबवलेला थ्रेड त्या क्षणी कुठे आहे हे थांबवणाऱ्याला कळत नाही. तो एखादे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारी परवानगी) घेऊन आत शिरलेला असेल, तर ते लॉक त्याच्याबरोबरच गोठते. आता ज्या थ्रेडने ‘रिझ्यूम’ म्हणायचे, त्यालाच ते लॉक लागले, की दोघेही कायमचे अडकले. आणि लॉक म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेलेच असते असे नाही. मेमरी मागताना, लॉग फाइलमध्ये ओळ लिहिताना, एखादा वर्ग पहिल्यांदा वापरताना आतल्या आत लॉक घेतले जातात आणि तुमच्या कोडमध्ये त्यांचा मागमूसही दिसत नाही.

याचा अनुभव मी घेतला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी विंडोजसाठी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याने बटण दाबताच आम्ही ‘सस्पेंडथ्रेड’ बोलावत होतो. आमच्या यंत्रांवर तो महिनोन्‌महिने सुरळीत चालला. ग्राहकाकडे मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी संपूर्ण खिडकीच गोठायची. कारण सापडायला बरेच दिवस लागले : वर्कर थ्रेड नेमका मेमरी मागत असताना, म्हणजे हीपचे (मेमरीच्या सामाईक साठ्याचे) लॉक त्याच्या हातात असताना, थांबवला जात होता. त्यानंतर मुख्य थ्रेडला पडद्यावर ‘काम थांबले आहे’ हे तीन शब्द लिहिण्यासाठी थोडी मेमरी लागे आणि ती मिळण्याची वाट पाहत तो कायमचा उभा राहत असे. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात हे फंक्शन प्रामुख्याने डीबगरसाठी असल्याचे आणि थ्रेडमधील समन्वयासाठी नसल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही ते वाचले, पण गंभीरपणे घेतले नाही. अशी चूक चाचणीत सापडत नाही, म्हणूनच ती फार महाग पडते.

जावाचे व्हर्च्युअल मशीनसुद्धा कचरा गोळा करण्यासाठी तुमचे थ्रेड थांबवते तेव्हा असेच करते. ते थांबण्याची सूचना देते, थ्रेड आपापल्या वाटेवरील ठरलेल्या सुरक्षित जागांवर ती सूचना तपासतात आणि तिथे पोहोचल्यावर उभे राहतात. सगळी यंत्रणा स्वतःच्या हातात असूनही व्हर्च्युअल मशीन थ्रेडला कुठेही धरत नाही, मग आपण तसे करायला जाऊ नये.

आता तुमच्या पहिल्या प्रयत्नाकडे वळू. खूण ठेवण्याची कल्पना योग्य होती, वाट पाहण्याची रीत चुकली. रिकाम्या लूपमध्ये फिरणारा थ्रेड सीपीयूच्या दृष्टीने पूर्ण कामावर असतो, म्हणून ८ थ्रेड थांबले की ८ कोअर तापतात. शिवाय ती खूण ‘व्होलाटाइल’ (दर वेळी ताजी वाचावी अशी) म्हणून जाहीर केलेली नसेल, तर एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला कधी दिसेल याची हमी भाषा देत नाही. कंपायलर ती खूण एकदाच वाचून लूपच्या बाहेर काढू शकतो, आणि मग ‘पुढे चालू’ दाबूनही थ्रेड कायमचा फिरत राहतो. लूपमध्ये १०० मिलिसेकंदांची झोप घातली आणि खूण व्होलाटाइल केली, तर प्रोग्रॅम बरोबर चालेल. ८ थ्रेड सेकंदाला एकूण ८० वेळा जागे होतील, हे आजच्या यंत्राला जाणवणारही नाही. छोट्या, घरगुती साधनासाठी मी याला हरकत घेणार नाही. पण तुम्हाला थांबल्याची खात्री हवी असेल आणि प्रोग्रॅम नीट बंदही व्हायला हवा असेल, तर लॉक आणि कंडिशन (झोपण्या-उठवण्याची सोय) यांवर उभारलेले फाटक हवे.

फाटक म्हणजे एक छोटा वर्ग. त्यात एक लॉक, ‘थांबा’ आणि ‘बंद करा’ अशा दोन खुणा, आणि उभ्या असलेल्या थ्रेडचा एक आकडा एवढेच असते. प्रत्येक वर्कर नवे पान हाती घेण्यापूर्वी फाटकातून जातो. तिथे तो लॉक घेतो, ‘थांबा’ ही खूण खरी आहे आणि ‘बंद करा’ ही खोटी आहे, तोवर ‘वेट’मध्ये झोपतो, बाहेर पडल्यावर लॉक सोडतो आणि बंद करण्याची सूचना असेल तर परत फिरतो. ‘थांबवा’ बटण तेच लॉक घेऊन खूण खरी करते. ‘पुढे चालू’ तेच लॉक घेऊन खूण खोटी करते आणि ‘नोटिफायऑल’ म्हणते.

तुम्हाला आलेली चूक इथेच होती : लॉक न घेता ‘वेट’ बोलावले गेले. हा नियम निव्वळ औपचारिक वाटतो, पण त्यामागे एक खरी फट आहे. समजा लॉक नाही. वर्करने खूण वाचली, ती खरी निघाली, आणि तो झोपायला निघाला. तो प्रत्यक्ष झोपण्यापूर्वीच्या त्या क्षणी मुख्य थ्रेडने खूण खोटी केली आणि हाक मारली, म्हणजे ‘नोटिफाय’ म्हटले. हाक ऐकायला कोणीच झोपलेले नव्हते, म्हणून ती वाया गेली. त्यानंतर वर्कर झोपला आणि आता त्याला उठवणारे कोणी उरलेले नाही. लॉक असले की खूण तपासणे आणि झोपणे यांच्या मध्ये कोणालाही शिरता येत नाही, कारण ‘वेट’ झोपणे आणि लॉक सोडणे या दोन्ही गोष्टी एकत्रच करते.

तपासणी ‘इफ’ने न करता ‘व्हाइल’ने का करायची, हेही अनेक जण विचारतात. संगणकशास्त्रज्ञ होअर यांच्या १९७४ च्या मॉनिटरच्या (लॉक आणि झोपणे-उठवणे यांची एकत्रित रचना) मांडणीत हाक मारताच झोपलेल्याला लगेच आत घेतले जाई, म्हणून त्याला पुन्हा तपासावे लागत नसे. मेसा भाषेत, जिच्या अनुभवाबद्दल लॅम्पसन आणि रेडेल यांनी १९८० मध्ये लिहिले, हाक ही केवळ एक इशारा झाली : तू उठ, पण परिस्थिती बदलली की नाही हे स्वतः पाहा. जावा, सी प्लस प्लस आणि पोझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) हे सर्व याच दुसऱ्या वाटेने जातात, आणि कोणी हाक न मारताही थ्रेड जागा होऊ शकतो असे त्यांच्या नियमांत नमूद आहे. तुमच्या बटणांच्या बाबतीत याचा प्रत्यक्ष उपयोग असा, की कर्मचाऱ्याने घाईने ‘पुढे चालू’ दाबून लगेच पुन्हा ‘थांबवा’ दाबले, तर उठलेला वर्कर खूण पुन्हा तपासतो, ती खरी असल्याचे पाहतो आणि परत झोपतो. ‘नोटिफाय’ ऐवजी ‘नोटिफायऑल’ हवे, कारण पहिल्याने ८ पैकी एकच उठेल आणि बाकीचे ७ तसेच राहतील.

मात्र या सगळ्यापेक्षा कठीण निर्णय कोडचा नाही. फाटक कोठे बसवायचे, हा तो निर्णय आहे, आणि याचे उत्तर तुमच्याच कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. माझा नियम असा, की फाटकाशी येणाऱ्याच्या हातात दुसरे कोणतेही लॉक नसावे, डेटाबेसचा अर्धवट व्यवहार उघडा नसावा आणि अर्धी लिहिलेली फाइल नसावी. व्यवहार उघडा ठेवून थांबलात तर तुमचा प्रोग्रॅम शांत दिसेल, पण त्याने अडवलेल्या ओळींसाठी दुसरा कोणी तरी तिकडे ताटकळत राहील. म्हणजे डेडलॉक (एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणे) टळला नाही, तो फक्त दुसऱ्याच्या घरी गेला. तुमच्या बाबतीत एका पानाचा निकाल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यानंतर आणि पुढचे पान घेण्यापूर्वी, ही जागा अगदी योग्य आहे.

यात एक अडचण उरते. अक्षरओळखीचे इंजिन जावाबाहेरच्या मूळ कोडमध्ये चालते, आणि वर्तमानपत्राचे मोठे, दाट पान असेल तर त्या एका पानाच्या ओळखीला बराच वेळ लागू शकतो. त्या काळात तुमची खूण कोणीही पाहत नाही. याला दोन उपाय आहेत. पहिला, पान आधी रकान्यांमध्ये कापायचे आणि प्रत्येक रकान्यानंतर फाटक ठेवायचे. वर्तमानपत्रासाठी हे मला फार पटते, कारण रकान्यांमुळे ओळखही सहसा सुधारते. तेव्हा त्या पानाचे आधीचे रकाने मेमरीत राहतील, त्याला हरकत नाही, फक्त डेटाबेसचा व्यवहार तोवर उघडू नका. दुसरा उपाय, अक्षरओळख वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची. लिनक्सवर संपूर्ण प्रोसेसला थांबण्याचा आणि पुढे जाण्याचा सिग्नल देता येतो आणि ती कुठेही असली तरी गोठते. थ्रेडच्या बाबतीत जे धोक्याचे, ते इथे चालते, कारण त्या प्रोसेसच्या मेमरीतील लॉक तिच्यापुरतेच असतात आणि तुमच्या मुख्य थ्रेडला ते कधीच लागत नाहीत. फाइलवरील लॉक आणि जाळ्यावरची जोडणी मात्र दोघांमध्ये सामाईक असू शकते, म्हणून ती वेगळी प्रोसेस चित्र घेऊन मजकूर परत देण्यापलीकडे काहीही करणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

याचाच पुढचा भाग असा, की ‘थांबवा’ दाबणे आणि काम थांबणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बटण दाबताच पडद्यावर ‘थांबले’ असे लिहू नका. ‘थांबत आहे’ असे लिहा, आणि उभ्या थ्रेडचा आकडा ८ झाला की मगच ‘थांबले’ म्हणा. हा आकडा फाटकात झोपण्यापूर्वी वाढवायचा आणि उठून बाहेर पडताना कमी करायचा, दोन्ही त्याच लॉकखाली. दोन प्रकारचे थ्रेड या मोजणीतून निसटतात. काम संपवून कायमचा बाहेर पडलेला वर्कर फाटकाशी कधीच येणार नाही, म्हणून एकूण संख्येतून तो वजा करावा. आणि रिकाम्या रांगेशी पान येण्याची वाट पाहणारा वर्करही फाटकाशी येत नाही. त्याला थांबलेलाच मानावे, पण रांगेतून पान मिळाल्यानंतर त्याने त्यावर काम सुरू करण्यापूर्वी पुन्हा फाटकातून जायला हवे, नाही तर ‘थांबले’ असे जाहीर झाल्यावर एक वर्कर गुपचूप पान ओळखत बसेल.

तुम्ही स्वतःचे थ्रेड न ठेवता ‘थ्रेडपूलएक्झिक्युटर’ (थ्रेडचा तयार संच, म्हणजे पूल, सांभाळणारा जावाचा वर्ग) वापरणार असाल, तर त्यातील ‘बिफोरएक्झिक्यूट’ या जागी फाटक बसवता येते, आणि जावाच्या दस्तऐवजातच त्याचे उदाहरण दिलेले आहे. ते चांगले आहे, पण त्याच्या दोन परिणामांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. एक, ती जागा काम रांगेतून उचलल्यानंतर येते, म्हणजे थांबलेल्या प्रत्येक थ्रेडच्या हातात एकेक काम असते. थांबल्यावर उरलेली रांग मोजली किंवा जतन केली, तर ती ८ पाने त्यात नसतील. दोन, अशा थांबलेल्या थ्रेडला पूल ‘कामात असलेला’ समजतो, म्हणून ‘शटडाउन’ म्हटल्याने तो जागा होत नाही आणि प्रोग्रॅम बंदच होत नाही. आधी फाटक उघडावे आणि मग ‘शटडाउन’ म्हणावे, किंवा ‘शटडाउननाऊ’ वापरून थ्रेडला इंटरप्ट (झोपेतून उठवणारी सूचना) पोहोचू द्यावा. स्वतःच्या फाटकातही हेच लागू होते : ‘बंद करा’ ही खूण लावणाऱ्यानेही ‘नोटिफायऑल’ म्हटलेच पाहिजे. थांबलेल्या स्थितीत बंद होणे ही वाट लोक विसरतात, आणि माझ्याकडे तपासणीला आलेल्या कोडमध्ये सर्वांत अधिक चुका इथेच सापडतात.

वर्कर थांबले तरी बाकीचे जग चालू असते, हेही ध्यानात घ्या. फोल्डर वाचून रांगेत पाने टाकणारा थ्रेड थांबत नाही, आणि ठरावीक थ्रेडच्या तयार पूलला जोडलेली रांग अमर्याद असते, म्हणून थांबलेल्या काळात ती वाढत राहते. रांगेत पानाचे चित्रच टाकत असाल तर मेमरी संपेल. फाइलचे नाव टाकले, किंवा रांगेला १०० सारखी मर्यादा घातली, तर प्रश्न मिटतो. डेटाबेसची जोडणीही थांबलेल्याची वाट पाहत बसत नाही. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय जोडणी तोडण्याची मूळ मर्यादा २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास आहे. संध्याकाळी ६ ला थांबवून सकाळी १० ला ‘पुढे चालू’ दाबले, की पहिलेच लिखाण अपयशी ठरते. जोडणी थ्रेडपाशी धरून न ठेवता प्रत्येक पानासाठी पूलमधून घ्यावी आणि वापरण्यापूर्वी ती जिवंत असल्याची खात्री करावी.

तुम्ही पुढे इतर भाषांत काम करणार असाल तर नावे बदलतील, विचार तोच राहील. पायथॉनमध्ये ‘थ्रेडिंग’मधील ‘इव्हेंट’ हे जवळजवळ तयार फाटकच आहे. तिथे ‘सेट’ म्हणजे उघडे आणि ‘क्लिअर’ म्हणजे बंद अशी योजना करा. डॉटनेटमध्ये तेच काम ‘मॅन्युअलरिसेटइव्हेंटस्लिम’ करते. सी प्लस प्लसमध्ये ११ च्या मानकापासून कंडिशन व्हेरिएबल आहे, आणि २० च्या मानकातील ‘स्टॉप टोकन’ त्याच्या वाट पाहण्याशी जोडता येत असल्याने थांबलेल्याला बंद करण्याची वाट तिथे अधिक स्वच्छ लिहिता येते.

हे सर्व लिहून झाल्यावर चाचणी अशी घ्या. खऱ्या अक्षरओळखीऐवजी काही मिलिसेकंद झोपणारे खोटे काम लावा, दुसऱ्या एका थ्रेडवरून अनियमित अंतराने काही हजार वेळा थांबवा आणि पुढे चालू करा, आणि शेवटी प्रत्येक पान नेमके एकदाच पूर्ण झाले का ते मोजा. मग थांबलेल्या स्थितीत असतानाच प्रोग्रॅम बंद करून पाहा. त्यानंतर खऱ्या पानांवर ‘थांबवा’ दाबा, पडद्यावर ‘थांबले’ येऊ द्या आणि जावाच्या ‘जेस्टॅक’ या साधनाने थ्रेडची स्थिती पाहा. रांग रिकामी नसेल तर आठही वर्कर तुमच्या फाटकाच्या त्याच ओळीवर वाट पाहत असलेले दिसायला हवेत. एखादा दुसऱ्याच ओळीवर दिसला, तर ती ओळ मला कळवा. आपण तिथूनच पुढे पाहू.